मूळ गाणी म्हणून विकलेला ‘द प्लॅटर्स’चा संच परत घेण्याबाबत

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून मी ‘द प्लॅटर्स’ या जुन्या अमेरिकी गायक-ग्रुपचा सीडी संच मागवला. वेष्टनावर ‘मूळ ध्वनिमुद्रणे, १९५५ ते १९५९’ असे ठळक छापले आहे. खाली टोनी विल्यम्स, डेव्हिड लिंच, पॉल रोबी, हर्ब रीड आणि झोला टेलर या पाच जणांचा फोटो. आत मात्र त्या काळातले एकही ध्वनिमुद्रण नाही.

‘ओन्ली यू’ लावताच फसवणूक लक्षात आली. मर्क्युरी कंपनीच्या १९५५ च्या तबकडीत मुख्य गायक टोनी विल्यम्स ‘ओन्ली’ सरळ म्हणत नाही. पहिल्याच स्वरावर गळ्यात बारीकसा हुंदका घेऊन तो शब्द तोडतो आणि मग वर चढतो. त्या एका जागेसाठी माणसे हे गाणे पुन्हा पुन्हा लावतात. आपल्या सीडीवर तो आवाजच नाही. शिवाय ड्रम एका स्पीकरमधून, गायक दुसऱ्यातून. मूळ तबकडी तर मोनो होती, म्हणजे सगळा आवाज एकत्रच. ‘द ग्रेट प्रिटेंडर’ आणि ‘माय प्रेअर’ची तीच गत.

माझ्या कानाला हा आवाज सॉनी टर्नरचा वाटतो. १९६० मध्ये विल्यम्स बाहेर पडल्यावर त्याच्या जागी टर्नर आला आणि पुढे म्यूझिकॉर कंपनीसाठी ग्रुपने जुनी गाणी नव्याने गायली. टर्नरबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. १९६७ चे ‘विथ धिस रिंग’ त्याचेच, आणि ते मला फार आवडते. त्याचे नाव छापून विकला असता तर हा संचही मी घेतला असता. पण आवाज एकाचा आणि फोटो दुसऱ्याचा, हा दोघांवरही अन्याय आहे.

आपल्या प्रतिनिधीने फोनवर विचारले, “गाणी तीच आहेत ना, सर?” यातली काही गाणी तर प्लॅटर्सच्याही आधीपासून होती! ‘माय प्रेअर’ इंक स्पॉट्स या ग्रुपने १९३९ मध्येच गायले होते. ‘स्मोक गेट्स इन युअर आइज’ १९३३ च्या एका संगीत नाटकातले. तरी १९५६ मध्ये पहिले आणि जानेवारी १९५९ मध्ये दुसरे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले, ते या पाच गळ्यांमुळे. मीही पैसे त्यांच्यासाठीच मोजले.

या ग्रुपच्या नावावर आधीच पुष्कळ भेसळ झाली आहे. ‘प्लॅटर्स’ म्हणवणारे कितीतरी गट मंचावर गात राहिले आणि हर्ब रीडला म्हातारपणापर्यंत नावाच्या हक्कासाठी कोर्टात भांडावे लागले. त्यात आपण भर घालू नये.

सील फोडल्यामुळे संच परत घेता येत नाही, असे मला कळवण्यात आले. सील न फोडता सीडी ऐकायची कशी?

तरी वाहतूक खर्चासह पूर्ण रक्कम १५ दिवसांत परत करावी, संच आपल्या खर्चाने घेऊन जावा आणि संकेतस्थळावरील ‘मूळ ध्वनिमुद्रणे’ हा उल्लेख काढून गायकांची खरी नावे व ध्वनिमुद्रणाचे साल टाकावे. अन्यथा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

बिलाची प्रत आणि वेष्टनाचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपला,
एक ग्राहक, पुणे