चारशेत एक की चारशेत दोन?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

डिसेंबर उजाडला की ‘जिल्ह्यात एचआयव्हीबाधित वाढले’ अशी बातमी जळगाव, धुळे, नंदुरबारच्या पानांवर हमखास येते. आकडा कशाचा आहे, हे मात्र तीत क्वचितच सापडते. मुळात आकडे दोन निरनिराळ्या वाटांनी येतात आणि बातमीत त्यांची सरमिसळ होते.

पहिली वाट आयसीटीसीची, म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्राची. तिथे जो येतो किंवा पाठवला जातो, त्याचीच तपासणी होते. शिबिरे वाढली की सापडणारे वाढतात, किटचा तुटवडा पडला की ‘घट’ होते. म्हणून किती जण बाधित निघाले याबरोबर किती जण तपासले हेही छापले पाहिजे.

दुसरी वाट सेंटिनल सर्व्हेलन्सची, म्हणजे ठरावीक केंद्रांवर होणाऱ्या नमुना पाहणीची. ‘नॅको’ने (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने) ती देशभर १९९८ मध्ये १७६ केंद्रांवर सुरू केली, २००६ च्या सुमारास बहुतेक जिल्ह्यांत नेली. आधी ही पाहणी दरवर्षी व्हायची, आता साधारण दर दोन वर्षांनी होते. ठरलेल्या रुग्णालयात, तीन महिन्यांच्या मुदतीत, तपासणीला प्रथमच आलेल्या १५ ते ४९ वयाच्या गरोदर महिला ओळीने घ्यायच्या आणि चारशे झाल्या की थांबायचे. सिफिलिसच्या तपासणीसाठी काढलेल्या रक्तातला उरलेला भाग नाव काढून, फक्त सांकेतिक क्रमांक टाकून प्रयोगशाळेत जातो. सोबतच्या फॉर्मवर वय, शिक्षण, नवऱ्याचा धंदा, तो कामासाठी बाहेरगावी राहतो का, अशी माहिती असते. नाव नसल्याने या पाहणीचा निकाल त्या बाईला कळत नाही. तिची स्वतःची तपासणी आयसीटीसीत वेगळी होते.

यातला ‘ओळीने’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा, आणि बिघाडही तिथेच होतो. ‘ही आधीच पॉझिटिव्ह आहे, कशाला घ्यायची’ म्हणून कोणी एखादीला वगळले की दर खोटा खाली येतो. दुसऱ्या खेपेला आलेली बाई नव्याने मोजली किंवा मुदत संपत आली म्हणून मिळतील तशा बायका घेऊन चारशे भरले, तरी नमुना बिघडलाच.

आता चारशेचे गणित पाहा. एक बाधित निघाली तर दर ०.२५ टक्के, दोन निघाल्या तर ०.५ टक्के. ‘दुप्पट वाढ’ म्हणजे बऱ्याचदा इतकेच! चारशेत एक निघाली, तर खरा दर शून्याच्या जवळपासही असू शकतो आणि सव्वा टक्क्याच्या पुढेही. एका केंद्राच्या एका फेरीवरून तालुक्याचा तर सोडाच, जिल्ह्याचाही कल सांगता येत नाही. निदान तीन-चार फेऱ्या एकापुढे एक मांडाव्या लागतात.

खानदेशात आणखी एक पेच आहे. अलीकडच्या काही फेऱ्या जानेवारी ते मार्चच्या सुमारास झाल्या. त्याच दिवसांत धडगाव, अक्कलकुवा, शिरपूरच्या पाड्यांवरची जोडपी ऊसतोडीला बारडोली-सुरतेकडे गेलेली असतात. ज्यांच्याबद्दल कळायला हवे, त्यातल्या बऱ्याच बायका त्या वेळी इथल्या बाह्यरुग्ण विभागात येणारच नाहीत. घरीच बाळंत होणाऱ्या आणि खासगी दवाखान्यात जाणाऱ्या सुटतात त्या वेगळ्याच. ट्रकचालक आणि स्थलांतरित मजूर यांची पाहणी स्वतंत्र होते, ती याचसाठी.

एकाच प्रकारच्या नमुन्यावर भिस्त ठेवली की काय होते, हे देशाने पाहिले आहे. २००६ पर्यंत भारतात सुमारे ५२ लाख बाधित असल्याचा सरकारी अंदाज होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या तिसऱ्या फेरीत घरोघरी रक्त तपासले गेले आणि सेंटिनल केंद्रेही वाढली, तेव्हा २००७ मध्ये तोच अंदाज सुमारे २५ लाखांवर आला. रोगी रातोरात निम्मे झाले नव्हते. सरकारी दवाखान्यांच्या नमुन्यावरून काढलेले गणित फुगले होते. आता सेंटिनलचे निकाल, घरोघरीची पाहणी आणि औषधोपचारावरच्या रुग्णांच्या नोंदी एकत्र करून संगणकीय प्रारूपातून अंदाज काढतात, तोही खालची-वरची मर्यादा देऊन. बातमीत ती मर्यादा गळून पडते. २००४ पासून एआरटीची, म्हणजे एचआयव्हीला आवर घालणारी, औषधे मोफत मिळू लागली, माणसे जगू लागली. त्यामुळे एकूण बाधितांची संख्या नवी लागण घटत असतानाही वाढू शकते, हेही ध्यानात घ्यावे.

तेव्हा पुढच्या बातमीत चार गोष्टी याव्यात: आकडा आयसीटीसीचा की सेंटिनलचा, किती जणांतून, कोणत्या महिन्यांत, आणि मागच्या फेऱ्यांत किती होता. गावाचे किंवा पाड्याचे नाव मात्र छापू नये. चाळीस उंबऱ्यांच्या पाड्यावर ‘एक ऊसतोड महिला’ एवढे लिहिले तरी सगळ्यांना कळते, आणि संमतीवाचून कोणाची एचआयव्ही स्थिती उघड करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे.

आपला,
एक वाचक, अमळनेर