ब्राऊनीच्या डॉक्टर मॅडमचे जाहीर आभार

डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार.

आमच्या कुत्रीला, ब्राऊनीला, तुमच्याकडे आणलं तेव्हा तिच्या पोटाखालची कातडी लालबुंद होती आणि पंजे चाटून चाटून कायम ओले. खाजेवरची स्टिरॉईडची गोळी चालू असली की बरं, संपली की पुन्हा तेच. 'माशाच्या तेलातलं ओमेगा थ्री द्या, आठवड्यात फरक पडेल,' असं सांगणारे गल्लीत पुष्कळ होते. तुम्ही मात्र आधी बारीक दातांची फणी घेतलीत. फणीत आलेला काळा चुरा ओल्या कापसावर टाकल्यावर तांबडा पसरला. "ही पिसवांची विष्ठा, यात रक्त आहे. आधी पिसवा, मग तेल," म्हणालात.

तेलाचंही तुम्ही फार कौतुक केलं नाहीत. ते औषधाच्या जागी नाही, जोडीला द्यायचं. माशाच्या तेलातली ईपीए आणि डीएचए ही मेदाम्लं पेशींच्या आवरणात हळूहळू मुरतात, म्हणून दोन-तीन महिने फरक विचारायचा नाही. तेलाच्या कॅप्सूलच्या डबीवर ठळक छापलेल्या 1000 मिलिग्रॅमवर जाऊ नका म्हणालात आणि मागचा बारीक मजकूर वाचायला लावलात: ईपीए 180, डीएचए 120. मात्रा धरायची ती या 300 वरून, तीही वजन बघून आणि थोड्यापासून, नाहीतर जुलाब. कॉड लिव्हर ऑइल, म्हणजे कॉड माशाच्या यकृताचं तेल, नकोच. त्यातलं ए आणि डी जीवनसत्त्व जास्त झालं तर बाधतं.

आईचा हट्ट जवसाचा. सोलापूरच्या घरात जवसाची चटणी असताना बाहेरच्या कॅप्सूल कशाला? तुम्ही तिला हसला नाहीत. जवसातलं मेदाम्ल वेगळं, कुत्र्याच्या शरीरात त्याचं ईपीए फार थोडं होतं, हे शांतपणे समजावलंत. ते तिला फारसं पटलं नाही. चटणीतला लसूण कुत्र्याला विषारी, हे मात्र लगेच पटलं!

ब्राऊनीची खाज पुरती गेलेली नाही, पावसाळ्यात उसळी मारतेच. पण स्टिरॉईडची मात्रा तुम्ही निम्म्यावर आणलीत आणि पोटावर पुन्हा केस आलेत. पहिले कित्येक आठवडे काहीच दिसत नव्हतं. तुम्ही आधी बजावलं नसतं तर डबी केव्हाच कपाटात गेली असती.

मे महिन्यातल्या आपल्या उन्हात तेल खवट होऊ नये म्हणून तुम्ही सांगितल्याप्रमाणे डबी फ्रीजमध्ये ठेवतो. दार उघडलं की आईला मासळीबाजार आठवतो, तेवढं चालायचं.

पुढच्या महिन्यात कान दाखवायला येतोय. या वेळी तपासणीची फी घ्यायला विसरू नका.

आपला,
ब्राऊनीचा मालक (तिच्या लेखी मालकीण आई),
जुळे सोलापूर