रस्त्याच्या संकल्पनाचा (डिझाइनचा) तक्ता फलकावर लावावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात खड्ड्यांवर भरपूर लिहिले जाते, मात्र रस्त्याची जाडी ज्या कागदावर ठरली तो कागद सहसा कोणी मागत नाही. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्ते अभियंत्यांच्या संस्थेच्या ‘आयआरसी ३७’ या डांबरी रस्त्यांच्या संकल्पनाच्या मार्गदर्शिकेसोबत ‘आयआयटीपेव्ह’ हे आयआयटी खरगपूरमध्ये विकसित झालेले सॉफ्टवेअर वापरले जाते. प्रत्येक थराची जाडी, त्याचा मापांक (ताठरपणाचे माप) आणि चाकाचा भार दिला की ते दोन जागचे ताण सांगते: डांबरी थराच्या तळाशी, जेथून भेगा वर चढतात, आणि खालच्या मातीच्या माथ्यावर, जेथे ती दबून चाकोरी पडते. हे गणित सॉफ्टवेअर चोख करते. मात्र त्याला दिलेली माती त्याच रस्त्याखालची आहे की नाही, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही.

विदर्भ-मराठवाड्यातील काळ्या मातीचा नमुना चार दिवस पाण्यात भिजवून तपासला, तर सीबीआर, म्हणजे मातीची भार पेलण्याची क्षमता दाखवणारा आकडा, २ च्या आसपासही येऊ शकतो. मार्गदर्शिकेच्या सूत्राने अशा मातीचा मापांक २० मेगापास्कल होतो. त्याच रकान्यात मुरमाचा ८ सीबीआर भरला की तो सुमारे ६७ होतो आणि रस्ता कागदावर पातळ, म्हणजेच स्वस्त होतो. निवृत्तीपूर्वी माझ्यासमोर आलेल्या एका अहवालात मातीचे निष्कर्ष शेजारच्या तालुक्यातील कामावरून, दशांश चिन्हासह, जसेच्या तसे उतरवलेले होते.

वाहतुकीचेही तेच. आसभार, म्हणजे वाहनाच्या एका आसावरचे वजन, वाढला की नुकसान साधारण त्याच्या चौथ्या घाताने वाढते. २०१८ मध्ये केंद्राने चार टायरांच्या एकेरी आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. वाढ जेमतेम १३ टक्के, पण पूर्ण भरलेल्या आसामागे नुकसान सुमारे ६० टक्के अधिक. उसाच्या हंगामात आसभार न मोजता जुनाच आकडा पुढे ओढला, तर अख्खे संकल्पन फसते.

दुरुस्तीसाठी ‘आयआरसी ११५’ ही मार्गदर्शिका २०१४ पासून उपलब्ध आहे. रस्त्यावर टेकवलेल्या गोल तबकडीवर वजन आदळून रस्ता किती लवतो ते मोजायचे, त्यावरून ‘केजीपीबॅक’ या सॉफ्टवेअरने थरांची उरलेली ताकद काढायची आणि मगच नव्या थराची जाडी ठरवायची, अशी ही पद्धत आहे. गावोगावी मात्र जुन्यावर नवा थर चढतच राहतो आणि घरांचे उंबरे रस्त्याच्या खाली जातात. (बाजूचा चर बुजलेला असेल, तर सॉफ्टवेअरही निरुपाय!)

म्हणून माझी मागणी अशी की, कामाच्या फलकावर खर्च आणि दोषदायित्व कालावधी (ज्या मुदतीत बिघाड ठेकेदाराने दुरुस्त करायचा) यांच्या शेजारी सीबीआर, नमुना घेतल्याचे ठिकाण व तारीख, आसभार मोजणीचा महिना आणि थरांच्या जाड्या छापणे बंधनकारक करावे. हे आकडे अहवालात असतातच. ते फलकावर आले, तर ज्याच्या शेतालगतची माती तपासल्याचे म्हटले आहे, तो शेतकरीच ती तपासली गेली की नाही ते सांगू शकेल.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता