तारीख हलवू नका, अंतर कमी करा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

जुलैतल्या पन्हाळगड ते पावनखिंड पदभ्रमंतीची चर्चा आता तालमी-मंडळांत सुरू होईल. या वाटेवर पहिल्यांदाच येणाऱ्यांचा भरणा मोठा असतो. कुणी नुकतं निवृत्त झालेलं, कुणाची साखर वाढलेली, कुणी खुर्चीत बसून कंटाळलेलं. आयुष्याला नवं वळण द्यायचं तर ही वाट उत्तम आहे, पण हौसेच्या जोरावर ती पार पडत नाही. म्हणून हे पत्र.

'उद्यापासून चालायला लागतो' हा बेत टिकत नाही, कारण आपण ठरवलेली मुदत आपल्यालाच पुढं ढकलता येते. इथं तारीख दुसऱ्यानं ठरवलेली असते. सिद्दी जौहरचा वेढा फोडून शिवाजी महाराज १२-१३ जुलै १६६० च्या रात्री निघाले, बाजीप्रभूंनी घोडखिंड लढवली, म्हणून मोहिमा भर पावसात त्याच सुमारास निघतात. कुणाच्या सोयीसाठी ती तारीख हलत नाही. तेव्हा आधी नोंदणीचे पैसे भरावेत, रजेचा अर्ज द्यावा, घरात सांगून टाकावं आणि मग तयारीला लागावं.

तारखेपासून मागं मोजून १२ आठवडे धरा. पहिले चार आठवडे रंकाळ्याकाठी आठवड्यातून चार दिवस ४५ मिनिटं आणि सुट्टीच्या दिवशी ८ ते १० किलोमीटर चालणं पुरे. पुढं सुट्टीचं अंतर दर आठवड्याला साधारण दहा टक्क्यांनी वाढवावं, पण प्रत्येक चौथ्या आठवड्यात कमी करावं, कारण शरीर भरून येतं ते विश्रांतीत. उत्साहाच्या भरात पहिल्याच पंधरवड्यात जोर लावणाऱ्यांच्या नडग्या दुखायला लागतात आणि तयारी तिथंच थांबते. पाचव्या आठवड्यापासून चढ हवा. केर्लीवरून जोतिबा किंवा वाघबीळमार्गे पन्हाळा, दोन्ही चांगले. मेमध्ये पहाटे पाचला निघा. जोतिबाला रविवारी गर्दी असते, शनिवार बरा.

एक चूक जवळपास सगळेच करतात. चढून जातात आणि येताना एसटीनं उतरतात. खरा सराव उतरण्याचा लागतो. उतारावर मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच भार झेलतात, म्हणून दुसऱ्या दिवशी पाय उचलत नाहीत आणि गुडघे बोलायला लागतात. प्रत्यक्ष मोहिमेत करपेवाडी-आंबेवाडीकडं मुक्काम करून सकाळी पुन्हा चालायचं असतं. त्यामुळे नवव्या-दहाव्या आठवड्यात शनिवार-रविवार सलग चालून बघावंच. शेवटचे दहा दिवस अंतर निम्म्यावर आणा. चाळिशी ओलांडलेल्यांनी रक्तदाब आणि साखर सुरुवातीलाच तपासून डॉक्टरांना विचारावं.

एखादा आठवडा बुडाला तर पुढच्या आठवड्यात दुप्पट चालू नका, बुडालेला आठवडाच पुन्हा करा. आठव्या आठवड्यापर्यंत सलग दोन बुडाले असतील, तर पावनखिंडीचा हट्ट सोडून पन्हाळा ते मसाई पठार आणि परत, एवढंच ठरवावं. तारीख मात्र तीच ठेवा. एकदा ती हलली की सगळंच पुढच्या वर्षावर जातं.

सामानाचं थोडक्यात. नवे बूट घालून येऊ नका, आधी त्यात निदान ६० किलोमीटर चाललेलं असावं. जीन्स भिजली की जड होते आणि मांड्या सोलते. सॅकच्या आत मोठी प्लास्टिकची पिशवी घालून त्यात कपडे ठेवा, बाहेरच्या कव्हरवर विसंबू नका. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होऊ नयेत म्हणून मुक्कामी पाय कोरडे करून कोरडे मोजे घालावेत. जळू ओढून काढू नये. नखानं हळूच सरकवावी आणि जखम दाबून धरावी. तिच्या लाळेमुळं रक्त गोठत नाही, म्हणून ते बराच वेळ वाहतं. घाबरायचं कारण नाही. लिटरभर पाण्यात चहाच्या चमच्यानं सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, असं पाणी जवळ असावं. गूळ-शेंगदाणे तर आपल्याकडं घरोघरी आहेतच.

मसाई पठारावर धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही आणि जांभ्यावर पायवाट उमटत नाही. तिथं पुढं पळणारेच चुकतात. ओढ्याचं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर उतरेपर्यंत थांबावं. आणि कृपा करून रोप लावणीच्या वाफ्यांतून किंवा कच्च्या बांधावरून चालू नका. बांध फुटला की त्या शेतकऱ्याचं पाणी जातं.

मोहीम काढणाऱ्या मंडळांना एक विनंती आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात केर्ली ते जोतिबा असा जाऊन-येऊन सराव ठेवावा आणि तो पुरा करणाऱ्यांचीच पावनखिंडीची नोंदणी पक्की करावी. उरलेल्यांना पैसे परत न करता त्याच तारखेला मसाई पठारापर्यंत न्यावं, सोबत एक जाणकार आणि परतीची गाडी द्यावी.

आपला,
पदभ्रमंतीतला एक जुना कार्यकर्ता,
शिवाजी पेठ, कोल्हापूर