तुम्ही दिलेल्या अर्ध्या तुकड्याबद्दल

आदरणीय काकू,

हे पत्र तुमच्या हातातही देता आलं असतं. तरी सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते आपल्या दोघींपुरतं राहू नये असं मला मनापासून वाटतं.

सामुदायिक मळ्यात, म्हणजे जिथे प्रत्येकाला भाजी लावायला जमिनीचा एक तुकडा मिळतो तिथे, जागा मिळावी म्हणून मी अर्ज केला, तेव्हा प्रतीक्षा यादीत माझा क्रमांक ६४ होता. वर्षाला किती जागा सुटतात असं विचारल्यावर उत्तर आलं, "दोन, फार तर तीन." पुढचा हिशेब मीच केला आणि गप्प बसले. पण जाता-येता कुंपणापाशी थांबायची सवय काही सुटेना. घरी खिडकीत दोन कुंड्या होत्या. त्यातल्या टोमॅटोला दिवसातून तासभर ऊन मिळायचं, तो नुसता उंच वाढायचा. एक दिवस तुम्ही खुरपं हातात घेऊन कुंपणापर्यंत आलात आणि म्हणालात, "रोज नुसती बघतेस. आत ये की."

तुम्ही तुमच्या तुकड्याच्या मधोमध दोरी ताणलीत, खुंट्या ठोकल्यात आणि म्हणालात, "हा अर्धा तुझा. माझ्या गुडघ्यांना आता एवढं झेपत नाही." नियमात बसतं का, हे तुम्ही आधीच विचारून ठेवलं होतं. सहभागी म्हणून माझं नावही लावून घेतलंत. गुडघ्यांचं कारण खरं असेल, पण मला दिलेली बाजू उन्हाची होती. झाडाची सावली पडणारा भाग तुम्ही स्वतःकडे ठेवलात. हे माझ्या लक्षात यायला एक अख्खा हंगाम गेला आणि लक्षात आलं तेव्हा बोलायला शब्द सुचेनात. म्हणून आज लिहिते: काकू, त्या उन्हाबद्दल आभार.

पहिल्याच आठवड्यात पाऊस थांबल्या-थांबल्या मी फावडं घेऊन धावत आले होते. तुम्ही मला थांबवलंत. वाकून मूठभर माती घेतलीत, दाबून तिचा गोळा केलात आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडलात. गोळा पडला तसाच राहिला. "अजून वाफसा नाही, माती खणण्याजोगी सुकलेली नाही. आत्ता खणशील तर ढेकळं होतील आणि वाळली की दगड." दोन दिवसांनी तोच गोळा पडताक्षणी भुगा झाला. आता मी तुमच्यासारखीच मूठ दाबून बघते. हे पुस्तकात वाचून मला कळलं नसतं, कळलं ते तुमच्या हाताकडे बघून.

वाटाण्याचे वेल काढायची वेळ आली तेव्हा मी ते मुळासकट उपटत होते. तुम्ही एक मूळ झटकून माझ्या तळहातावर ठेवलंत. त्यावर बारीक गाठी होत्या, मोहरीच्या दाण्याएवढ्या. तुम्ही नखाने एक फोडलीत, आतून गुलाबी निघाली. गुलाबी म्हणजे आतले जिवाणू काम करताहेत, हवेतला नत्र घेऊन झाडाला देताहेत. तेव्हापासून मी वेल जमिनीलगत कापते आणि मुळं आतच ठेवते. त्या जागी पुढे लावलेला पालक असा काही गर्द आला की मी पहिली जुडी धावत तुमच्या दारात आणली होती. आठवतं?

आता ज्यासाठी हे पत्र उघड लिहिलं, ते. यादीत माझ्या पुढे ६३ जण होते आणि मागेही माणसं लागतच होती. त्या सगळ्यांना तुमच्यासारखी काकू कुठून मिळणार? तुम्ही तुकडा अर्धा केलात त्याने माणसं दोन झाली, जमीन मात्र तेवढीच राहिली. अलीकडे बऱ्याच ठिकाणी हाच मार्ग सर्रास धरतात: तुकडे निम्मे करायचे, म्हणजे यादी छोटी दिसते. नवख्याला सुरुवातीला अर्धा तुकडा पुरतो, हे मी स्वानुभवाने मान्य करते. पण पिकांची फेरपालट नीट करायची तर जागा लागते. बटाटा आणि टोमॅटो एकाच कुळातले, कोबी आणि मुळा एकाच कुळातले. लहान तुकड्यात तेच कूळ लवकर त्याच मातीत परत येतं आणि रोग मुक्कामाला राहतात. कोबीच्या मुळांवर गाठी आणणारा रोग एकदा शिरला की वर्षानुवर्षं मातीत टिकून राहतो.

ब्रिटनमध्ये अशा तुकड्याला अलॉटमेंट म्हणतात; त्याचं जुनं माप दहा रॉड, म्हणजे साधारण २५० चौरस मीटर. ते ठरवताना एका कुटुंबाची भाजी डोळ्यांसमोर होती. तिथल्या १९०८ च्या कायद्याने सहा मतदारांनी किंवा करदात्यांनी लेखी मागणी केली, तर स्थानिक संस्थेला तिचा विचार करावाच लागतो. १९२५ च्या कायद्याने त्यासाठी घेतलेली जमीन मंत्र्यांच्या संमतीशिवाय विकता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात तिथे असे सुमारे १४ लाख तुकडे होते. गरज पडली तेव्हा जमीन निघाली! जर्मनीत १९८३ चा स्वतंत्र कायदा आहे. सार्वजनिक कामासाठी असा मळा मोडावा लागला, तर पालिकेने शक्य तोवर बदली जमीन द्यावी असं त्यात लिहिलेलं आहे. आणि १८९४ मध्ये, मंदीच्या ऐन तडाख्यात, डेट्रॉईटचे महापौर हेझन पिंग्री यांनी शहरातले मोकळे पडलेले भूखंड बेरोजगार कुटुंबांना बटाटे आणि भाजी लावायला दिले. हे सगळं वाचत गेले तसतशी माझी खात्री होत गेली, की जमीन नाही असं फार क्वचित असतं. ती भाजीसाठी आहे असं कुणी ठरवलेलं नसतं, एवढंच.

आपल्या कुंपणापलीकडचा पट्टाच बघा. गुडघाभर गवत, मधे विटांचे तुकडे. कितीतरी वर्षं तो तसाच पडून आहे. तिथे पूर्वी इमारत होती, म्हणून आधी माती तपासून घ्यावी लागेल. जुन्या रंगातलं शिसं मातीत राहून जातं. तसं काही निघालं तर वर गादीवाफे करून बाहेरची स्वच्छ माती भरता येईल. पाण्याचा एक नळ लागेल, कुंपणाला एक फाटक लागेल. मी पावलांनी मोजलं आहे, पूर्ण मापाचे वीस तुकडे सहज बसतात. वीस म्हणजे यादीच्या चालीने सात ते दहा वर्षांची वाट.

तो पट्टा मळ्याला मिळावा म्हणून मी अर्ज लिहून काढला आहे. जागेचा नकाशा हाताने काढून जोडला आहे. यादीतल्या अकरा जणांशी बोलले. त्यातल्या एका आजोबांनी नवव्या वर्षीही नाव काढलेलं नाही. बियांच्या पुड्या दरवर्षी नव्या आणतात आणि जुन्या शेजाऱ्यांना वाटून टाकतात. ते म्हणाले, "सही मी करतोच, पण सगळ्यात वर कुणाची आहे?"

ती तुमची हवी आहे, काकू. पहिली ओळ मी कोरी ठेवली आहे. रविवारी सकाळी कागद घेऊन येते. वाफसा असला तर फावडंही आणते, तुमच्या बाजूचे दोन वाफे खणायचे राहिलेत. आणि या खेपेला उन्हाच्या बाजूची अर्धी रांग तुमच्या दोडक्याला द्यायची आहे, नाही म्हणू नका.

तुमची,
कुंपणापाशी उभी राहणारी