हंगामाच्या सणाला मान कोणाचा करावा?

प्रिय मित्रा,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

मंडळीच्या हंगामाच्या सणाला, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या सणाला, लोकांच्या जिवाला विसावा देणाऱ्या कोणाचा मान करावा, असं तू विचारलंस. आधी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीला बायबलमधली १ करिंथ १६ मधली, म्हणजे प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातली, १५ ते १८ ही वचनं वाचून दाखव. पौल इफिसात होता, करिंथच्या मंडळीत तट पडले होते. अशा वेळी स्तेफनस, फर्तूनात आणि अखायिक तिथून त्याच्याकडे आले. स्तेफनसाचं घराणं म्हणजे अखयाचं, करिंथ ज्यात येतं त्या प्रांताचं, प्रथमफळ, म्हणजे तिथले पहिले विश्वासणारे. हंगामाच्या सणाला याहून योग्य उतारा कोणता? त्यांनी तुमची उणीव भरून काढली, माझ्या आणि तुमच्या जिवाला विसावा दिला, अशांची कदर करा, असं पौल नावं घेऊन लिहितो.

कमिटीत नावं मागितलीस, तर देणगीदार आणि चांगले बोलणारेच सुचतील. त्यापेक्षा अंथरुणाला खिळलेल्यांकडे, नुकतंच माणूस गमावलेल्या घरांत, उपासनेला येणं सोडलेल्यांकडे जा. "कोण येतं?" असं विचारू नकोस, पाळकसाहेबांचंच नाव सांगतील. "कोण येऊन गेलं की बरं वाटतं?" असं विचार. दोन-तीन घरांतून एकच नाव आलं, की समज, मान त्याचाच. हसतमुख माणूस तोच असेल असं नाही. अनेसिफर या विश्वासणाऱ्याने रोमात कैदेत असलेल्या पौलाला शोधून काढलं, त्याच्या बेड्यांची लाज धरली नाही. ज्याच्या दारी जायला लोक कचरतात, तिथेही जो जातो, तो खरा.

शाल-श्रीफळ द्या, पण "मोठी सेवा केली" एवढ्यावर भागवू नका. नेमकं काय केलं ते एका वाक्यात सांगा, आणि ज्या घराचा उल्लेख येईल त्यांना आधी विचारा. दुखणं चारचौघांत उघड झालं, तर ते घर पुन्हा कोणालाच दार उघडणार नाही.

सगळ्यात मोठी चूक सत्काराच्या नंतर होते. त्या माणसाला सेक्रेटरी करतात. मग मिटिंगा, हिशोब, आणि भेटी बंद. उलट त्याच्याकडचं एखादं काम काढून घ्या, भेटींचं रिक्षाभाडं मंडळीच्या खात्यातून द्या. अमक्या घराकडे लक्ष द्या असं तो म्हणाला, तर कमिटीने ऐकावं. अशांच्या अधीन राहा, असं सोळावं वचन सांगतंच. घरच्यांचंही नाव घ्या. पौलाने अनेसिफराच्या घराण्यासाठीही दया मागितली. माणूस बाहेर विसावा देतो तेव्हा घरचे त्याच्यावाचून संध्याकाळ काढतात.

हे सगळं उपासनेतच उरका, सणाला अर्पण केलेल्या वस्तूंच्या लिलावापर्यंत ठेवू नका. लिलाव सुरू झाला की कोणाचं लक्ष नसतं.

पाळकसाहेबांना आणि घरी सर्वांना सलाम.

तुझा मित्र