कृष्णविवराच्या केसांना कात्री

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतील कृष्णविवरांवरचा लेख वाचला. वस्तुमान, विद्युतभार आणि परिवलन एवढे कळले की कृष्णविवराबद्दल जाणण्यासारखे काहीच उरत नाही, म्हणजे त्याला याखेरीज कसलेही ‘केस’ नसतात, हे ‘निर्विवाद सिद्ध’ झाल्याचे लेखकमहाशयांनी ठणकावून सांगितले आहे. हे विधान ज्यांवर उभे आहे ती इस्रायल, कार्टर, रॉबिन्सन प्रभृती शास्त्रज्ञांची प्रमेये निर्वात अवकाशाला, फार तर विद्युतचुंबकीय क्षेत्र सोबतीला असताना लागू पडतात. क्षेत्र स्वतःवरच क्रिया करणारे, म्हणजे अरेषीय असले, की त्यांचा आधार सुटतो, हे सांगायला दोन ओळींची जागा पुरली असती.

याच विषयावर मी आपणांस पूर्वी एक पत्र पाठवले होते. १९८८ साली बार्टनिक आणि मॅकिनन यांनी आइन्स्टाइन-यांग-मिल्स समीकरणे, म्हणजे गुरुत्व आणि असेच स्वतःवर क्रिया करणारे यांग-मिल्स क्षेत्र यांची एकत्रित समीकरणे, संगणकावर सोडवली, त्याविषयीचे ते पत्र होते. ऊर्जेचा अचल आणि केंद्रापर्यंत सुरळीत असा गोळा, म्हणजे सोलिटॉन, एकट्या गुरुत्वाला बांधता येत नाही आणि एकट्या यांग-मिल्स क्षेत्रालाही येत नाही; दोन्ही एकत्र आली की मात्र एकाची ओढ आणि दुसऱ्याचा रेटा यांचा मेळ बसतो. पुढे व्होल्कोव्ह व गाल्त्सोव्ह यांनी आणि बिझोन यांनी अशा क्षेत्राच्या पोटात कृष्णविवरही बसते हे दाखवले. दुरून मोजावे तर भार शून्य, परिवलन शून्य, वस्तुमान एखाद्या साध्या कृष्णविवराइतकेच. तरीही क्षितिजाबाहेर, म्हणजे जिच्या आतून काहीच परतत नाही त्या सीमेबाहेर, निराळी क्षेत्ररचना आहेच.

त्या पत्रातले शेवटचे वाक्य असे होते, की ही उत्तरे अस्थिर असून जराशा धक्क्यानेही टिकत नाहीत, हे स्ट्राउमान आणि झोऊ यांनी १९९० मध्ये दाखवले. नेमके तेवढेच वाक्य आपल्या संपादन विभागाने कापले. परिणामी फोंड्याच्या बाजारात मी नारळ हलवून पाहत असताना माझा एक माजी विद्यार्थी, जो आता स्वतः पदार्थविज्ञान शिकवतो, चारचौघांत विचारता झाला, ‘सर, तुमचे ते गोळे आकाशात कुठल्या बाजूला दिसतात?’ नारळवालीही हसली. जागेअभावी कात्री लावावी लागली असेल, हे मी समजू शकतो. मात्र त्याच पानावरच्या साप्ताहिक राशिभविष्यात मेषेपासून मीनेपर्यंत एकाही राशीचे अर्धे वाक्यसुद्धा गळलेले नव्हते.

अस्थिर म्हणजे दुर्लक्षणीय, असा बचाव लेखकाने करू नये. लकॉक आणि मॉस यांनी १९८६ सालीच स्कर्म क्षेत्राचे (हेही एक अरेषीय क्षेत्रच) ‘केस’ असलेली कृष्णविवरे मांडली होती आणि त्या उत्तरांची एक शाखा लहानसहान धक्क्यांना टिकते, हेही पुढे गणिताने दिसून आले. निसर्गात ती सापडलेली नाहीत, हे मान्य. पण प्रमेयाच्या मर्यादा सांगताना दुर्बिणीची साक्ष काढायची नसते. ज्या गोमंतकाने दामोदर कोसंबींसारखा गणिती दिला, तेथील वाचकाला एवढे पेलणार नाही, असे आपण का धरून चालता?

हे पत्र लांबले असल्यास नमस्कार-चमत्कार, नारळ आणि राशी खुशाल वगळाव्यात. अस्थिरतेचे वाक्य तेवढे या खेपेस छापावे.

आपला,
एक निवृत्त पदार्थविज्ञान शिक्षक, फोंडा